वॉर्साच्या मैदानात निवडून आलेल्या राणीस

महाराणी आन्ना यागिएलोन्का यांस,


राणीसाहेब, तुमच्याविषयी जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं तुमच्या वयाविषयी असतं. पन्नाशीला आलेली अविवाहित राजकन्या, बावीस वर्षांच्या फ्रेंच राजपुत्राची वाट पाहत बसलेली. तो रातोरात पळाल्यावर स्वतःहून दहा वर्षांनी लहान असलेल्या दुसऱ्याशी लग्न लावून दिलेली. या दोन वाक्यांत तुमची बोळवण होते आणि लेखक पुढच्या लढाईकडे वळतात. हे मला खटकतं. सोळाव्या शतकात पोलंड आणि लिथुआनियाच्या लोकांनी उघड्या मैदानात राजा निवडायचा धाडसी प्रयोग केला. तो पहिल्या पंधरा वर्षांतच मोडून पडायचे दोन-तीन प्रसंग आले, आणि दर वेळी तो तुमच्यामुळे तगला, असं माझं ठाम मत आहे. ते तुम्हालाच सांगावं म्हणून हे पत्र.

तुमचा जन्म १८ ऑक्टोबर १५२३ चा, क्राकूफचा. त्याच वर्षी जूनमध्ये स्वीडनमध्ये गुस्ताव वासा राजा म्हणून निवडला गेला होता. तुम्ही तीन वर्षांच्या होत नाही तोच मोहाचच्या रणांगणात तुमचा चुलतभाऊ, हंगेरी आणि बोहेमियाचा राजा लुई, तुर्कांशी लढताना मारला गेला. त्याला मूल नव्हतं. हंगेरीच्या सरदारांच्या एका गटाने यानोश झापोल्याला राजा निवडलं, दुसऱ्याने ऑस्ट्रियाच्या फर्डिनांडला. एका गादीवर दोन निवडून आलेले राजे, आणि देशाचे तुकडे. पुढे तुमची थोरली बहीण इझाबेला याच झापोल्याची बायको झाली, दीड वर्षाच्या आत विधवा झाली आणि मांडीवरच्या मुलासाठी उरलेलं आयुष्य झगडत राहिली. निवडणूक फसली म्हणजे काय होतं, हे तुमच्या घरात कुणाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

तुमच्या आईला तर मुळीच नव्हती. बोना स्फोर्झा इटलीहून आलेल्या, आणि राजकारण त्यांना जन्मतःच येत होतं. पोलंडमध्ये राजा निवडायची रीत जुनीच होती, पण १३८६ पासून निवड फिरून फिरून तुमच्याच घराण्यात येई. लिथुआनियाची गादी वंशपरंपरागत. पोलंडने दुसरा कुणी निवडला तर दोन्ही देशांची जोडणी तुटली असती, म्हणून सरदार मुकाट्याने यागिएलोन घराण्यातलाच उमेदवार उभा करत. बोनाबाईंना तेवढीही जोखीम नको होती. नवरा जिवंत असताना त्यांनी नऊ वर्षांच्या झिग्मुंट ऑगस्टला १५२९ मध्ये राजा म्हणून निवडून घेतलं आणि पुढच्या वर्षी मुकुटही चढवला. सरदार चिडले. असं पुन्हा होणार नाही, राजा जिवंत असताना दुसरा निवडला जाणार नाही, असं त्यांनी तुमच्या वडिलांकडून वदवून घेतलं. आईने मुलासाठी बंद केलेलं दार सरदारांनी असं कायमचं उघडं करून घेतलं. चाळीसएक वर्षांनी त्या दारात तुम्ही एकट्या उभ्या राहिलात.

झिग्मुंट ऑगस्टची तीन लग्नं झाली, मूल एकही झालं नाही. १५६४ मध्ये त्याने लिथुआनियावरचा आपला वंशपरंपरागत हक्क सोडला, १५६९ मध्ये लुब्लिनच्या सभेत दोन्ही देशांचं एक प्रजासत्ताक केलं, ज्याचा राजा एकच आणि एकत्र निवडलेला असेल. आपल्यानंतर काय, याचं एवढं उत्तर त्याने देऊन ठेवलं. ७ जुलै १५७२ रोजी क्निशिन इथे तो वारला. तोवर तुमच्या दोन बहिणी परदेशात नांदत होत्या, एक जर्मनीत आणि एक स्वीडनमध्ये. इझाबेला तर कधीच गेली होती. पोलंडमध्ये यागिएलोन रक्ताचं माणूस उरलं ते एक तुम्ही. मृत्युपत्रात भावाने मालमत्ता तिघी बहिणींच्या नावे केली होती. पण तो गेल्याबरोबर भोवतीच्या लोकांनी खजिना लांबवला आणि प्रेताला चढवायला धड वस्त्रंही उरली नाहीत, अशी बोलवा तेव्हा झाली. तुम्ही तक्रारी केल्या. सिनेटर तुमच्यावर नजर ठेवून राहिले. ज्या उमेदवाराला तुमचा हात मिळेल त्याचं पारडं जड होणार हे त्यांना कळत होतं, म्हणून तुम्ही कुणाशी बोलता, कुठे राहता, कुणाची पत्रं घेता, याची त्यांना काळजी. आणि तुम्ही काय केलंत? तुम्ही स्वतःला स्पॅनिश धर्तीवर ‘इन्फान्ता’ म्हणवून घ्यायला लागलात. राजकन्या, पण गादीच्या वारसात मोजली जाणारी राजकन्या. ज्या देशात वारसा हा शब्दच सरदारांना सहन होत नव्हता तिथे हे बिरुद लावायला हिंमत लागते.

आता मैदानाविषयी, कारण माझा जीव तिथे गुंतलेला आहे.

१५७३ च्या एप्रिलमध्ये कामिएन गावाजवळ, व्हिस्तुलेच्या उजव्या काठावर, वॉर्साच्या समोर तंबू पडले. आधी प्रश्न होता निवडायचं कुणी. सिनेटने? की प्रत्येक प्रांताच्या प्रतिनिधींनी? यान झामोयस्की हा तेव्हाचा तरुण सरदार म्हणाला, ज्याला देशासाठी घोड्यावर बसून लढायला यावं लागतं त्या प्रत्येकाने जातीने यावं आणि मत द्यावं. ते मान्य झालं. सुमारे ४०,००० श्लाख्ता म्हणजे सरदार-उमराव तिथे जमले असं सांगितलं जातं. त्यात मोठमोठे जहागीरदार होते, तसे एका शेतावर पोट भरणारेही होते. वॉर्सा माझोव्हिया प्रांतात असल्यामुळे तिथले गरीब, पक्के कॅथलिक सरदार हजारोंनी चालत आले. लांबच्या लिथुआनियातून फार थोडे पोचले. मैदान कुठे भरवायचं एवढ्या एका निर्णयाने अर्धी निवडणूक ठरून गेली होती. नदी ओलांडायला त्यांना नवा कोरा लाकडी पूल मिळाला, पाचशे मीटर लांबीचा, वॉर्सात व्हिस्तुलेवरचा पहिला कायमचा पूल. तुमच्या भावाने १५६८ मध्ये सुरू केलेला, आणि तो गेल्यावर तुम्ही पदरचे पैसे घालून पुरा करवलेला. ज्या निवडणुकीत बाई म्हणून तुम्हाला मत नव्हतं, तिच्या मतदारांची ये-जा तुमच्या खर्चाने झाली.

मध्यभागी सिनेटचा तंबू. भोवती प्रत्येक प्रांताची माणसं आपापल्या गटाने. परदेशी वकील येत, लॅटिनमध्ये भाषण करत, आपल्या उमेदवाराचे गुण सांगत आणि जात. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक एर्न्स्ट, मॉस्कोचा झार इव्हान किंवा त्याचा मुलगा, तुमचे मेहुणे स्वीडनचे योहान, फ्रान्सचा हेन्री व्हाल्वा, शिवाय कुणीतरी आपल्यातलाच पोलिश सरदार. मग प्रत्येक गटात खल चाले. मतमोजणी नावाचा प्रकार नव्हता. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं, ओरडायचं, समजूत काढायची, आणि एकमत झालं की प्रायमेटने नाव उच्चारायचं. प्रायमेट म्हणजे ग्निएझ्नोचा आर्चबिशप; राजा नसलेल्या काळात देशाचा कारभार त्याच्या हाती. या रीतीत जी गोम होती ती पुढे फार महाग पडली. अल्पमतवाल्यांनी हार मानायची सोय नियमात नव्हती. ते दुसरीकडे जाऊन आपला राजा वेगळा जाहीर करू शकत.

शेतकरी त्या मैदानात नव्हते. ते ज्या जमिनीवर राबत तिच्या मालकाचे बांधील होते. एकदोन शहरं सोडली तर शहरवासीही नव्हते. श्लाख्ता लोकसंख्येच्या सहा ते दहा टक्के. बाकीच्यांना राजा नुसता ऐकून माहीत व्हायचा. हे सगळं मान्य करूनही मी त्या मैदानाचा आदर करतो, कारण त्याच काळात बाकीच्या युरोपात उलटी हवा होती. गुस्ताव वासा निवडून आला खरा, पण १५४४ मध्ये त्याने स्वीडनची गादी आपल्या मुलांच्या नावे करून घेतली. बोहेमियात १६२७ मध्ये निवडणूक संपली, डेन्मार्कमध्ये १६६० मध्ये, हंगेरीत १६८७ मध्ये. जर्मन सम्राटाला निवडणारे सातच जण, आणि तेही शतकानुशतकं हाब्सबुर्ग घराण्यातूनच निवडत. तुमच्या देशाने मात्र दार किलकिलं न ठेवता सताड उघडलं.

त्याहून मोठी गोष्ट मैदान भरण्याआधी झाली. २८ जानेवारी १५७३ रोजी वॉर्सात जमलेल्या सरदारांनी एकमेकांना वचन दिलं, की धर्म वेगळा म्हणून आम्ही एकमेकांचं रक्त सांडणार नाही. पाच महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या रात्री ह्युगेनॉट प्रोटेस्टंटांची कत्तल झाली होती, आणि तिच्या बातम्या पोलंडमध्ये ताज्या होत्या. त्या कत्तलीत ज्याचं नाव घेतलं जात होतं तोच हेन्री व्हाल्वा आता उमेदवार होता. फ्रेंच वकील जाँ द मोंलुक हे व्हालांसचे बिशप, मोठे हुशार. त्यांनी कत्तलीचं वर्णन मवाळ करणारी पत्रकं लिहिली, भाषणाच्या छापील प्रती वाटल्या आणि आश्वासनांची खैरात केली: बाल्टिकमध्ये फ्रेंच आरमार, मॉस्कोविरुद्ध ४,००० गॅस्कन पायदळ, तुमच्या भावाची कर्जं फेडणं, १०० पोलिश तरुणांचं पॅरिसमध्ये शिक्षण. आणि हेन्री तुमच्याशी लग्न करेल, हेही. मैदानातल्या पुष्कळांना या शेवटच्या वचनाची किंमत आरमारापेक्षा जास्त वाटत होती. परका राजा आला तरी यागिएलोनांची लेक राणी असेल, एवढा आधार त्यांना हवा होता. मे महिन्यात हेन्री निवडून आला.

निवडीबरोबर त्याच्यापुढे जो करारनामा ठेवला त्याला हेन्रीची कलमं म्हणतात, आणि पुढच्या प्रत्येक राजाला ती शपथेवर मान्य करावी लागली. राजाने आपल्या हयातीत वारस नेमायचा नाही. दर दोन वर्षांनी सेइम म्हणजे संसद बोलवायची, सहा आठवड्यांसाठी. संसदेला विचारल्याखेरीज युद्ध पुकारायचं नाही, नवा कर बसवायचा नाही. सोळा सिनेटर आळीपाळीने राजाजवळ राहून त्याला सल्ला देतील. लग्नसुद्धा सिनेटच्या संमतीने. धार्मिक शांतता पाळायची. आणि राजाने हे मोडलं, तर प्रजा त्याच्या आज्ञेतून मोकळी. १५७३ साली एका युरोपीय राजाला हे सहीनिशी मानावं लागणं, ही केवढी मोठी गोष्ट! हेन्रीला ती मोठी वाटली नाही. त्याला ती जाचक वाटली. पॅरिसमध्ये पोलिश शिष्टमंडळासमोर तो धर्मशांतीचं कलम टाळू पाहत होता, तेव्हा यान झ्बोरोव्स्कीने त्याला तोंडावर सुनावलं, की शपथ घेणार नसाल तर राज्यही करणार नाही. १० सप्टेंबरला नोत्र दाममध्ये हेन्रीने शपथ घेतली.

तुमच्या भावाचा दफनविधी दीड वर्ष रखडला होता. तो क्राकूफच्या वावेल टेकडीवर १० फेब्रुवारी १५७४ रोजी झाला आणि अकराच दिवसांनी, त्याच वावेलवर, हेन्रीचा राज्याभिषेक. राज्याभिषेकाच्या ऐन वेळी मार्शल यान फिर्लेय पुढे आला आणि धर्मशांतीची शपथ पुन्हा घेतल्याशिवाय विधी पुढे जाऊ देईना. त्या मंदिरात तुम्हाला काय वाटलं असेल? भाऊ जमिनीखाली गेलेला, समोर नवा राजा, आणि तुमच्या लग्नाविषयी तो चकार शब्द काढत नव्हता. चार महिने त्याने टाळाटाळ केली. मग पॅरिसहून थोरला भाऊ शार्ल वारल्याचं कळलं. १८ जूनच्या रात्री हेन्री मोजक्या माणसांनिशी वावेलमधून निसटला आणि घोडा फेकत सीमेकडे पळाला. चेंबरलेन यान टेंचिन्स्कीने पाठलाग करून त्याला गाठलं, पण परतवता आलं नाही. फ्रान्सची वंशपरंपरेने मिळणारी गादी समोर आल्यावर निवडून मिळालेल्या गादीची त्याला काय किंमत!

सरदारांनी त्याला परतायला १२ मे १५७५ ची मुदत दिली. तो आला नाही. खरी परीक्षा तिथून सुरू झाली. त्या शरदात तातारांनी दक्षिणेकडच्या प्रांतांत धाड घातली, माणसं दोरखंडाला बांधून नेली. तुर्की सुलतानाला पोलंडमध्ये हाब्सबुर्ग नको होता. आणि वॉर्साजवळ वोलाच्या मैदानात नोव्हेंबरच्या थंडीत दुसरी निवडणूक भरली. सिनेटमधल्या बड्यांना हाब्सबुर्ग सम्राट माक्सिमिलियन हवा होता. १२ डिसेंबरला प्रायमेट उहान्स्कींनी त्याचंच नाव जाहीर केलं. सामान्य श्लाख्ता खवळली. हंगेरीत १५२६ साली जे झालं तेच आता आपल्याकडे होणार, असं दिसत होतं.

त्या क्षणी झामोयस्की आणि मिकोवाय सिएनिचकी यांच्या गटाने जे नाव पुढे केलं ते तुमचं होतं. दोन-तीन दिवसांत श्लाख्तेने तुम्हाला गादीवर निवडलं, आणि नवरा म्हणून, राज्यातला जोडीदार म्हणून, ट्रान्सिल्व्हानियाचा स्टेफान बाथोरी नेमला. क्रम असा होता: आधी तुम्ही, मग तो. बाथोरी कोण? तुमच्या इझाबेलाचा मुलगा यानोश झिग्मोंड १५७१ मध्ये निपुत्रिक वारला, त्याच्यामागे ट्रान्सिल्व्हानियाच्या सरदारांनी ज्याला निवडलं तो. म्हणजे तुमच्या भाच्याच्या जागी निवडून आलेला माणूस तुमच्या भावाच्या जागी येत होता, आणि दोन्ही जागांमधलं नातं तुमच्यापाशी येऊन जुळत होतं. सम्राटाविरुद्ध उभं राहायला त्याला काही हक्क हवा होता. तो तुमच्याखेरीज कुणी देऊ शकत नव्हतं.

१ मे १५७६ ला वावेलच्या कॅथीड्रलमध्ये लग्न आणि राज्याभिषेक एकाच दिवशी झाले. प्रायमेट उहान्स्की सम्राटाच्या बाजूचे. म्हणून कुयाव्हियाचे बिशप स्तानिस्वाव्ह कार्न्कोव्स्की यांनी मुकुट ठेवले. तुम्ही ५२ वर्षांच्या, बाथोरी ४२ चा. माक्सिमिलियन ऑक्टोबरात वारला आणि यादवी टळली. फक्त ग्दान्स्क शहर अडून बसलं, त्याला वर्षभर वेढून वठणीवर आणावं लागलं. बाथोरीने नंतर इव्हानच्या फौजांना पोलोत्स्कपासून प्स्कोव्हपर्यंत मागे रेटलं आणि १५८२ च्या जानेवारीत याम झापोल्स्कीचा तह केला. इतिहासकारांना बाथोरी आवडतो, आणि योग्यच आहे. पण त्या लढाया लढायला तो गादीवर बसला कसा, हे सांगताना त्यांना तुमची आठवण एवढी ओझरती का व्हावी?

संसार म्हणाल तर तो नावापुरताच होता. बाथोरी मोहिमांवर, नाहीतर ग्रोद्नोच्या जंगलात शिकारीला. तुम्ही वॉर्सात, उयाझ्दूफच्या वाड्यात. राज्याभिषेकासाठी भावाच्या मालमत्तेवरचा बराचसा हक्क तुम्हाला प्रजासत्ताकाकडे सोडावा लागला होता. राज्यकारभारात तुमचं मत कुणी विचारलं नाही. तुम्ही आईवडिलांच्या घराण्याची स्मारकं सांभाळलीत. वावेलच्या झिग्मुंट चॅपेलमध्ये सांती गुच्ची या इटालियन शिल्पकाराकडून भावाची समाधी करवून घेतलीत आणि आपलीही, जिवंतपणीच, राजासनाच्या दर्शनी भागात कोरून ठेवलीत. लाल संगमरवरात पहुडलेली बाई. आपल्या घराण्याची शेवटची खूण कुठे असावी, हे तुम्ही दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

१२ डिसेंबर १५८६ रोजी बाथोरी वारला, आणि यानंतरची गोष्ट माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागते. कायद्याने पाहिलं तर गादी रिकामी नव्हती. तुम्ही मैदानात निवडून आलेल्या, अभिषेक झालेल्या राणी, जिवंत. तरी राजाविना काळ सुरू झाल्याचं जाहीर झालं आणि कारभार प्रायमेटच्या हाती गेला. प्रायमेट आता कार्न्कोव्स्की, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी तुमच्या डोक्यावर मुकुट ठेवला होता. दुसरी कुणी हक्कासाठी भांडली असती. तुम्ही हक्क दुसऱ्याला मिळवून दिलात. धाकटी बहीण कातझिनाचा मुलगा झिग्मुंट वासा, ग्रिप्सहोल्मच्या तुरुंगात जन्मलेला, आईकडून पोलिश शिकलेला. तुम्ही त्याच्यासाठी पत्रं लिहिलीत, पैसा ओतलात, झामोयस्कीला आपल्या बाजूला घेतलंत. १९ ऑगस्ट १५८७ रोजी तो निवडून आला. तीनच दिवसांनी झ्बोरोव्स्कींच्या गटाने ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक माक्सिमिलियनला निवडलं. पुन्हा दोन राजे. या वेळी निकाल रणांगणात लागला, २४ जानेवारी १५८८ रोजी बिचिनाला. झामोयस्कीने माक्सिमिलियनला कैद केलं.

तुमच्या बाजूने लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. झिग्मुंट १५९२ मध्ये स्वीडनचाही राजा झाला आणि १५९९ मध्ये तिथून पदच्युत झाला. त्याने आणि त्याच्या मुलांनी तो हक्क सोडला नाही, म्हणून प्रजासत्ताकाला दोन पिढ्या स्वीडनशी लढावं लागलं. १६५५ मध्ये स्वीडिश फौजांचा लोंढा देशभर पसरला, आणि १६६० च्या ओलिव्हाच्या तहात कुठे यान काझिमियेझ वासाने स्वीडिश मुकुटावर पाणी सोडलं. रक्ताच्या नात्याने गादी स्थिर केली, आणि त्याच नात्याने हे युद्ध घरात आणलं. हिशेब करायला बसलं तर दोन्ही रकमा मांडाव्या लागतील.

तरीही मी तुमच्या बाजूचा आहे, कारण ते नातं संपल्यावर काय झालं ते मला माहीत आहे. १६३२ आणि १६४८ च्या निवडणुका वासा भावांमध्येच शांतपणे उरकल्या. लोक मैदानात येत, कुणाला निवडायचं ते जवळजवळ ठरलेलं असे. १६६८ मध्ये यान काझिमियेझने गादी सोडली, आणि तेव्हा पहिल्यांदा मैदान खरोखर मोकळं झालं. तिथून पुढे एकेक निवडणूक पैशाची आणि शेजाऱ्यांच्या फौजांची झाली. १६९७ मध्ये दोन राजे. १७३३ मध्ये वोलाच्या मैदानात स्तानिस्वाव्ह लेश्चिन्स्की निवडला गेला. मग रशियन सैन्याच्या छायेत थोडक्या लोकांनी नदीपलीकडे जाऊन सॅक्सनीच्या ऑगस्टला राजा केलं. जागा कुठली? कामिएन. तुमच्या पुलावरून माणसं जिथे गेली, तेच मैदान.

निवडणूक चांगली की वारसा चांगला, असा वाद तुमच्या देशात दोनशे वर्षं झाला. मला वाटतं, १५७३ च्या लोकांचं कुठे चुकलं तर एका जागी: त्यांनी राजावर किती तरी अटी घातल्या, पण आपसांत मतभेद झाला तर पुढे काय, याचा नियम केलाच नाही. करारनामा उत्तम होता, निकाल लावायची रीत नव्हती. ती उणीव तुमच्या हयातीत लोकांना जाणवली नाही, कारण पेच पडला की सगळ्यांना मान्य होणारं एक माणूस त्यांच्यात होतं. दोन वेळा त्यांनी तुमच्याकडे धाव घेतली आणि दोन्ही वेळा तुम्ही जी वाट दाखवली तिच्यावर देश उभा राहिला. एका बाईच्या अंगातल्या रक्ताने जे काम केलं ते काम करणारी संस्था त्यांनी तुमच्या पश्चात कधी उभारली नाही.

शेवटचे निवडून आलेले राजे स्तानिस्वाव्ह ऑगस्ट पोन्यातोव्स्की. त्यांनाही १७६४ मध्ये रशियन फौजा भोवती असतानाच निवडलं गेलं होतं. ३ मे १७९१ रोजी त्यांच्या सेइमने नवी राज्यघटना केली आणि निवडणूक बंद करून गादी वंशपरंपरेची ठरवली. सॅक्सनीच्या इलेक्टरचं म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचं घराणं वारस नेमलं, आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीला, मारिया ऑगुस्टाला, घटनेच्या कलमात नाव घेऊन पोलंडची इन्फान्ता जाहीर केलं. तुम्ही १५७२ मध्ये स्वतःच स्वतःला लावून घेतलेलं बिरुद, आता कायद्याने दिलेलं. त्या घटनेला दोन वर्षंही टिकू दिलं नाही. १७९५ पर्यंत देश नकाशावरून गेला.

तुम्ही ९ सप्टेंबर १५९६ ला वॉर्सात गेलात, पोलंडमधलं शेवटचं यागिएलोन माणूस म्हणून. निवडून आलेल्या राजांच्या याद्या आजही छापल्या जातात. हेन्री, स्टेफान बाथोरी, झिग्मुंट तिसरा वासा, असा क्रम. पुष्कळ ठिकाणी तुमचं नाव बाथोरीच्या ओळीत, बायको म्हणून येतं. १५७५ च्या डिसेंबरात वोलाला जमलेल्यांनी तसं केलं नव्हतं. याद्या करणाऱ्यांनी तुमचं नाव स्वतंत्र ओळीत, बाथोरीच्या वर लिहावं, निवडीच्या सालासकट, एवढीच माझी मागणी आहे. ती मी तुमच्या नावाने त्यांच्याकडे करत आहे.

आपला,
एक मराठी वाचक